मोल्डचे पैसे देण्याआधी तुमच्या प्रॉडक्टची मुलाखत घ्या



समजा, तुम्ही बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र तयार केलंय. सॅम्पल झालं, चार जणांनी "मस्त आहे" म्हटलं. आता प्लॅस्टिकच्या बॉडीसाठी मोल्ड बनवायचा आहे आणि टूलरूमवाला ॲडव्हान्स मागतोय. इथे जरा थांबा. मोल्ड पोलादाचा असतो. त्यातलं पोलाद नंतर कोरून काढता येतं, पण परत भरणं अवघड आणि महागडं. म्हणून जे प्रश्न विचारायचे ते आधी विचारायचे.

हे प्रश्न कुठून आणायचे? मोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्या 'प्रॉडक्ट डिझाईन इंजिनिअर' नेमतात. हा बहुतेक वेळा मेकॅनिकल इंजिनिअर असतो. वस्तू दिसेल कशी हे दुसरं कुणी ठरवतं. ती बनेल कशी, टिकेल कशी, हे याचं काम. त्याच्या मुलाखतीत घोकंपट्टी चालत नाही. हातात एखादी वस्तू देतात, नाहीतर फळ्यावर आकृती काढून विचारतात, "हे असं का?" त्यातलेच पाच प्रश्न आज आपण आपल्या प्रॉडक्टला विचारू.

१. ही वस्तू बनली कशी?

टीव्हीचा रिमोट हातात घ्या. कडेने एक बारीक रेघ दिसेल. मोल्डचे दोन भाग तिथे मिळतात. आतल्या बाजूला छोटे गोल ठसे दिसतील. तिथे पिनांनी ढकलून पार्ट बाहेर काढलेला असतो. भिंती अगदी सरळ नसतात, साधारण १ अंशाचा उतार असतो, नाहीतर पार्ट मोल्डमध्ये अडकतो. तुमच्या ड्रॉइंगमध्ये हा उतार आहे का? पिनांचे ठसे कुठल्या बाजूला येणार? ग्राहकाला दिसणाऱ्या बाजूला आले तर चालणार आहेत का?

२. हेच मटेरियल का?

"स्वस्त मिळतं म्हणून" हे उत्तर अर्धवट आहे. शाम्पूच्या बाटलीचं उघडझाप करणारं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं असतं, कारण ते पुन्हा पुन्हा वाकवलं तरी सहज तुटत नाही. साधं एबीएस दिसायला छान, पण कायम उन्हात राहिलं तर पिवळं पडतं, ठिसूळ होतं. शेतात वापरायच्या यंत्राला ते कसं चालेल?

आणि "मटेरियल नंतर बदलू" असं म्हणू नका. थंड होताना १०० मिमीचा एबीएसचा पार्ट साधारण अर्धा मिमी आकसतो, पॉलिप्रॉपिलीनचा १ ते २ मिमी. मोल्ड तोच, पण मटेरियल बदललं की माप बदललं!

३. वाकेल का?

मुलाखतीतला हा अगदी लाडका प्रश्न. एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाला दाबली, तर किती वाकेल? लक्षात ठेवायची गोष्ट अशी: जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो. २ मिमीची पट्टी २.५ मिमी केली तरी तो जवळजवळ दुप्पट होतो.

मग सगळंच जाड करायचं का? नाही. जाड प्लॅस्टिक थंड व्हायला वेळ घेतं, म्हणजे दर नगाचा खर्च वाढला. शिवाय वरून खड्डे पडतात. म्हणून आतून रिब देतात, आणि रिबची जाडी भिंतीच्या साधारण अर्धी ठेवतात.

४. एकत्र बसेल का?

पाच पार्ट एकावर एक बसतात, प्रत्येकाच्या मापात ०.१ मिमी इकडे-तिकडे. सगळे एकाच बाजूला चुकले तर एकूण फरक अर्धा मिमी! झाकण लागणार नाही, नाहीतर खुळखुळेल. तुम्ही हाताने घासून बसवलेलं एक सॅम्पल बसलं, याचा अर्थ हजार नग बसतील असा होत नाही. ही बेरीज कागदावर करून बघा.

५. बिघडलं तर कुठून बिघडेल?

सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ आठवतोय? ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. फोन पेटायला लागले म्हणून परत मागवले, दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन दिले. तेही पेटले. ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद करावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणं सांगितली: पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी पडून आतला थर वाकत होता, दुसरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. इतकी मोठी कंपनी, आणि गाडं अडलं ते बॅटरीच्या एका कोपऱ्यावर. तुमच्या यंत्रात बॅटरी जिथे बसते तिथे किती जागा ठेवलीय? ती फुगली तर? यंत्र हातातून पडलं तर? पाणी शिरलं तर?

उत्तर देण्याआधी प्रश्न विचारणारा माणूस

या मुलाखतीत एक गंमत असते. "अशी डबी डिझाईन करा" म्हटल्यावर काही उमेदवार लगेच चित्र काढायला लागतात. चांगला उमेदवार आधी विचारतो: किती नग बनवायचे? किंमत किती ठेवायची? कोण वापरणार, कुठे? कारण १०० नगांसाठी थ्रीडी प्रिंटिंग पुरेसं होऊ शकतं, ५०,००० नगांना मोल्डच हवा. नग किती हेच माहीत नसेल, तर डिझाईन बरोबर की चूक हे ठरवणार कशावरून?

तुम्ही फ्रीलान्स डिझायनर नेमणार असाल, तर हीच कसोटी लावा. त्याला त्याने केलेला एखादा पार्ट घेऊन यायला सांगा आणि विचारा, "पहिल्या ट्रायलनंतर यात काय बदलावं लागलं?" ज्याने खरंच काम केलंय तो दहा मिनिटं बोलेल. "काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारा. आणि त्याने तुम्हाला नग, किंमत, वापर यातलं काहीच विचारलं नाही, तर घाई करू नका.

स्वतःला तांत्रिक माहिती नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. छत्रपती संभाजीनगरला केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचं इंडो-जर्मन टूल रूम आहे. मोल्ड आणि डायचं काम, प्रशिक्षण तिथे चालतं. जवळच्या मोल्डिंगवाल्याकडे अर्धा दिवस उभं राहिलात तरी पुष्कळ कळेल.

आजचा गृहपाठ

एक वही घ्या. तुमच्या प्रॉडक्टच्या प्रत्येक पार्टचं नाव लिहा. समोर चार रकाने करा: मटेरियल, जाडी, जोडणी, बिघडण्याची जागा. प्रत्येक रकान्यात "का?" याचं एका ओळीत उत्तर लिहा. जिथे उत्तर "असंच" येईल तिथे लाल गोल करा. वहीत लाल गोल शिल्लक असेपर्यंत ॲडव्हान्सचा चेक फाडायचा नाही!