सामू सात म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

प्रिय भाचीस,


अकरावीत तू आता द्रावणे, आम्ल आणि आम्लारी शिकते आहेस. वरसे गावात राहणाऱ्या मुलीने हा भाग नुसता गुणांपुरता वाचू नये, अशी माझी कळकळ आहे. जवळून कुंडलिका वाहते, धाटावची रासायनिक वसाहत शेजारीच आहे. अशा ठिकाणी ‘सामू सात आहे, म्हणजे पाणी चांगले’ हे वाक्य पुढेमागे तुझ्या कानावर येईल. ते तपासल्याशिवाय मानू नकोस. सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये सामूची (pH) मोजपट्टी मांडली, ती पाण्यातल्या हायड्रोजन आयनांची संहती सांगण्यासाठी. पाण्यात आणखी काय विरघळले आहे, हा प्रश्न त्या पट्टीला विचारलेलाच नाही.

हिशेब करून बघ. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू 1 असतो. त्याच्या एका लिटरमध्ये तितक्याच संहतीचा एक लिटर कॉस्टिक सोडा मिसळला, तर सामू जवळजवळ 7 वर येतो. पण आता त्या दोन लिटरांत 5.85 ग्रॅम मीठ आहे. आम्लाचा दाहकपणा गेला, क्लोराइड मात्र जिथल्या तिथे राहिले. याहून मोठा पुरावा पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या शेतजमिनीत आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण 8.1 असतो आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 6.5 ते 8.5 सामू चालतो. म्हणजे नुसत्या सामूवर पाहिले तर समुद्रही पास होईल. पण उधाणात बांधाला खांड पडून तेच पाणी शेतात शिरले की भात जळतो, कारण त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि मुळांना पाणी ओढता येत नाही.

तू म्हणशील, मग सांडपाण्याच्या नियमांत सामूची अट कशाला? अट योग्यच आहे. ही पट्टी लघुगणकीय आहे; सामू 7 वरून 5 वर आला की हायड्रोजन आयन शंभरपट होतात, आणि मासे किंवा सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू तो बदल सोसू शकत नाहीत. म्हणून सामू सांभाळणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. दुसरा आक्षेप असा, की नदीत पडल्यावर सगळे विरळ होतेच. विरळ केल्याने संहती घटते, द्राव्याचे एकूण वजन तेवढेच राहते. शिवाय कुंडलिकेचे पाणी बारमाही सारखे नसते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून किती पाणी सुटते यावर ते अवलंबून असते, आणि खाली खाडीत भरती आली की प्रवाह तुंबतो. ज्या दिवशी पाणी कमी, त्या दिवशी विरळ होण्याचा भरवसाही कमी.

हे कोणावर आरोप करण्यासाठी लिहीत नाही. कारखाना, शेतकरी आणि नदी या तिघांनाही खरा आकडाच उपयोगी पडतो. पाण्याचा कुठलाही अहवाल हाती आला, तर सामूच्या शेजारी एकूण विरघळलेले क्षार आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी हे आकडे शोध. नसतील तर ते माग. प्रयोगवहीतही प्रत्येक मोजमापापुढे ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे लिहायची सवय आत्तापासून लाव.

तुझा,
मामा