वायर काढून बघितली का?

निकालांच्या दिवसांत करिअर मार्गदर्शनासाठी गावोगावची बोलावणी येतात. गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी बोलणं संपल्यावर सगळे उठले, एक वडील मात्र थांबून राहिले. शेजारी मुलगा, मान खाली. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. वडील म्हणाले, "सर, हा म्हणतो नेटवर्किंगमध्ये जायचंय. म्हणजे वायरी ओढायचंच काम ना? त्यासाठी तीन वर्षं फी भरली का आम्ही?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. तेव्हा उभ्या उभ्या जेवढं सुचलं तेवढं बोललो. आज नीट सांगतो, आणि त्यासाठी या कामाचा एकच तुकडा घेतो: राउटर बंद पडला तरी नेटवर्क चालू ठेवायचं कसं.

बँकेची एखादी छोटी शाखा घ्या. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक पत्ता भरलेला असतो, त्याला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. शाखेबाहेर जे काही पाठवायचं ते या पत्त्यावरच्या राउटरच्या हवाली करायचं, एवढंच त्या कॉम्प्युटरला ठाऊक असतं. तो राउटर जळाला, तर शेजारच्या टेबलावर दुसरा नवाकोरा राउटर चालू असूनही उपयोग शून्य. कॉम्प्युटर त्या बंद दारावरच थापा मारत राहतो आणि पैसे काढायला आलेली माणसं रांगेत ताटकळतात.

यावर इंजिनिअरांनी काढलेली तोड फार सुंदर आहे. दोन राउटर ठेवायचे. एकाचा पत्ता समजा १९२.१६८.१०.२, दुसऱ्याचा १९२.१६८.१०.३. कॉम्प्युटरना मात्र सांगायचा १९२.१६८.१०.१, जो पत्ता या दोघांपैकी कुणाचाच कायमचा नाही. जो कामावर असेल त्याने तो सांभाळायचा. सिस्को कंपनीने यासाठी एचएसआरपी हा प्रोटोकॉल बनवला. कुठल्याही कंपनीच्या राउटरवर चालावा असा व्हीआरआरपी १९९८ साली आला. एचएसआरपीत कामावरचा राउटर दर ३ सेकंदांनी 'मी आहे' असा निरोप पाठवतो. १० सेकंद निरोप आला नाही, की राखीव राउटर ताबा घेतो. व्हीआरआरपीत निरोप दर सेकंदाला जातो, त्यामुळे ताबाही चार सेकंदांच्या आत घेतला जातो. यालाच फेलओव्हर म्हणतात. या आयपी पत्त्याबरोबर मॅक पत्ताही, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा पत्ताही, सामाईक असतो, म्हणून राउटर बदलल्याचं कॉम्प्युटरला कळतसुद्धा नाही.

एवढा भाग क्लासमध्ये दोन तासांत शिकवून होतो. चार-पाच ओळींचा कॉन्फिग, म्हणजे राउटरला द्यायच्या आज्ञा, एवढंच आहे, कुणालाही टाइप करता येतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

समजा मुख्य राउटर ठणठणीत आहे, पण रस्त्यावर खोदकाम झालं आणि त्याची बाहेर जाणारी फायबर तुटली. 'मी आहे' हा निरोप आतल्या, ऑफिसच्या बाजूने जात असतो. तो जातच राहतो. राखीव राउटरला वाटतं, सगळं आलबेल आहे. मुख्य राउटर सगळ्यांचा डेटा घेत राहतो, पण पुढे पाठवायला त्याच्याकडे वाटच नसते. दोन राउटर, दोन्ही चालू, आणि ऑफिस ठप्प.

म्हणून राउटरला सांगावं लागतं: बाहेरच्या लिंकवर नजर ठेव, ती पडली तर आपली प्रायॉरिटी कमी कर. एचएसआरपीत प्रायॉरिटी मुळात १०० असते आणि जास्त आकडा असलेला राउटर कामावर राहतो. मुख्य राउटरला आपण १२० दिली. लिंक पडली की तो आपोआप १० कमी करतो. उरले ११०. समोर १००. म्हणजे लिंक पडूनही ताबा त्याच्याकडेच! नजर ठेवायची ओळ कॉन्फिगमध्ये आहे, तपासणाऱ्या साहेबांना ती दिसते, रिपोर्टवर सही होते, आणि तिचा काडीचा उपयोग नसतो.

बरं, कुणीतरी हुशारीने ३० कमी करायला सांगितलं. आता मुख्य ९०, राखीव १००. तरीही ताबा बदलेल असं नाही. कारण कामावरचा राउटर जिवंत असताना त्याच्याकडून ताबा काढून घ्यायची मुभा एचएसआरपीत मुळात बंदच असते. प्रीएम्प्ट ही आज्ञा राखीव राउटरवर वेगळी द्यावी लागते. व्हीआरआरपीत नेमकं उलटं, तिथे ती मुभा आधीपासून चालू असते. एका कंपनीच्या राउटरवर हात बसलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर फसतो तो इथेच.

मी स्वतः नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पतसंस्थेत असे दोन राउटर बसवले होते. कॉन्फिग बरोबर होता. संध्याकाळ झाली होती, शेवटची बस गाठायची होती, म्हणून केबल काढून बघायचं मी उद्यावर टाकलं. तो उद्या आला नाही. दीड महिन्याने, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, संस्था सकाळभर बंद पडली. दोन्ही राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते आणि तो बोर्ड जळाला होता. पेन्शनसाठी आलेले म्हातारे लोक पायऱ्यांवर बसून होते. त्यातल्या एका आजींनी मला पाणी दिलं. ते पाणी पिताना मला काय वाटलं ते अजून लख्ख आठवतं. तेव्हापासून कामाची जागा सोडण्याआधी मी एकेक वायर हाताने काढून बघतो, अगदी विजेचीसुद्धा.

हे फक्त छोट्या संस्थांचं दुखणं नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसई या आपल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालू ठेवावा लागला. एनएसईकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. त्या दोन्हींत एकाच वेळी अडचण आली आणि पुढे डेटा साठवणाऱ्या यंत्रणेचं फेलओव्हरही ठरल्याप्रमाणे झालं नाही. पैसा, यंत्रं, माणसं, कशाचीच कमतरता नसलेल्या ठिकाणी हे घडलं. त्यानंतर महिन्याभरात शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नियम कडक केले.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. हो, सुरुवातीला वायरी ओढाव्या लागतात. रॅकमागे वाकून लेबलं लावावी लागतात, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही. कुठली वायर कुठून कुठे जाते हे ज्याने हाताने लावलंय, त्यालाच रात्री दोन वाजता फोनवर ते सांगता येतं. पहिली नोकरी बहुधा फील्ड इंजिनिअरची किंवा नॉकमधली असते. नॉक म्हणजे जिथे चोवीस तास स्क्रीनवर नेटवर्क पाहिलं जातं ती जागा. तिथे शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, दिवाळीलाही ड्युटी लागते. मुलीला या कामात पाठवताना रात्रपाळीची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. त्यासाठी तिचं क्षेत्र बदलू नका. रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे मुलाखतीत तिला स्पष्ट विचारू द्या. सुरुवातीचा पगार शेजारच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलापेक्षा कमी असू शकतो. माझ्या पाहण्यात तीन-चार वर्षांनी हे अंतर कमी होतं, पण फक्त त्यांचं, जे रात्रपाळीतही शिकत राहिले.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सिस्कोची सीसीएनए ही सुरुवातीची ओळखीची परीक्षा आहे. आज सांगितलेला विषय तिच्या अभ्यासक्रमात आहे. ती द्यायला पदवीची अट नाही, ती दोन तासांची असते आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मूळ फी ३०० डॉलर, म्हणजे कर धरून पंचवीस हजार रुपयांच्या वरच. म्हणून आधी सहा महिने सराव, मग फी. पाठांतराचे प्रश्नसंच विकत घेऊन पास झालेली मुलं मी मुलाखतीत पाहतो. "राखीव राउटरने ताबा का नाही घेतला?" एवढं विचारलं की ती गप्प होतात. पदवीधर असूनही गप्प होतात. आणि आयटीआय करून आलेला एखादा मुलगा खुर्चीत पुढे सरकून विचारतो, "सर, राखीववर प्रीएम्प्ट दिलं होतं का?" मी त्याला घेतो.

'एआय हे सगळं करील, मग आमच्या मुलाचं काय?' हाही प्रश्न हमखास येतो. कॉन्फिगच्या ओळी लिहिण्याचं काम कमी होत जाणार, असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हणून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार यायलाच हवी. पण दोन कंपन्यांच्या फायबर एकाच चरातून गेल्यात, जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडेल, हे चर पाहायला गेलेल्या माणसालाच दिसतं. त्या एक्स्टेंशन बोर्डचा उल्लेख माझ्या कुठल्याच नकाशात नव्हता.

त्या दिवशी माझं बोलणं ऐकल्यावर वडील म्हणाले होते, "पण घरी दोन राउटर कुठून आणायचे?" आणायची गरज नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यात एचएसआरपी करता येतं. घरात दोन जुने कॉम्प्युटर पडले असतील तर त्यांवर लिनक्स टाकून कीपअलाइव्ह्ड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने खरंखुरं व्हीआरआरपी चालवता येतं. क्लास लावायचाच असेल तर 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड वाचून फी भरू नका. आत जा आणि विचारा, मुलांना चालू लॅबमधली केबल काढू देता का? 'नको, बिघडेल' असं उत्तर आलं तर बाहेर या.

मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याला मी वहीत चार कामं लिहून दिली. पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का ते तपासणारी आज्ञा, चालू ठेवून मुख्य राउटर बंद कर. तो परत चालू कर. फक्त बाहेरची लिंक पाड. शेवटी दोन राउटरमधला स्विच बंद कर आणि दोघंही स्वतःला मुख्य समजतात का ते पाहा. प्रत्येक वेळी किती पिंग वाया गेले ते मोज, आणि आकडा चुकला तर का चुकला ते लिही.

आठवड्याने त्याचा फोन आला. तिसऱ्या कामात पिंग परत येतच नव्हते. "सर, १२० मधून १० गेले, तरी ११० उरतात," तो म्हणाला. मागून वडिलांचा आवाज आला, "मग तीस कमी करून बघ की."