हळदीतले लोह आणि नाचणीची भाकरी



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पाठवायच्या शिध्यात काय भरावे, यावर नायगावात आमची दर वेळी चर्चा होते. मागच्या खेपेला मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 सालचे अन्नघटकांचे तक्ते घेऊन बसले. 100 ग्रॅम हळदीत सुमारे 46 मिलिग्रॅम लोह, जिऱ्यात 20, आणि पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही! मी लगेच म्हटले, मसाल्याची पाकिटे वाढवा.

चूक माझीच. 100 ग्रॅम हळद खातो कोण? माणशी दिवसाला ग्रॅमभर गेली तरी तिच्यातून अर्धा मिलिग्रॅमही लोह येत नाही. आपला बाटली मसाला कितीही घमघमला तरी कालवणात चमचाभरच पडतो. त्याने मूल दोन घास जास्त जेवते, हा त्याचा खरा उपयोग.

म्हणून तक्ता वाचताना एक रकाना आपणच मांडावा: ताटात पडते किती? धान्य पोटभर खाल्ले जाते, तिथला फरक अंगी लागतो. कॅल्शियमच पाहा. 100 ग्रॅम नाचणीत, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, ते सुमारे 364 मिलिग्रॅम असते. गव्हाच्या पिठात 31, तांदळात आठाच्याही आत. लोह बाजरीत 6, नाचणीत साडेचार. प्रथिनांत मात्र नाचणी मागे, फक्त 7 ग्रॅम. तांदूळ 8, बाजरी 11. म्हणजे डाळ हवीच.

नाचणी आणि वरई तर तिथल्याच डोंगरउतारावरची पिके. आपण मात्र गाडी भरून पांढरा तांदूळ नेतो, हे मला टोचले.

पाड्यावरच्या बायकांना सांगायची कृती अशी: नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आले की वाळवून, हलकी भाजून दळावी. मोडांमुळे लोह शोषू न देणारे फायटेट कमी होते. या पिठाची पेज घट्ट होत नाही, त्यामुळे सहा महिन्यांवरच्या बाळाच्या वाटीत पीठ जास्त घालता येते. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. जेवणावर लगेच कोरा चहा नको, तो लोह अडवतो.

या तिमाहीच्या शिध्यात तांदूळ निम्मा करून नाचणी आणि तूरडाळ घालतो आहोत. देणाऱ्यांनी नाचणी अख्खीच आणावी. दाणा वर्षभर सहज टिकतो, पीठ आपल्या दमट हवेत लवकर कुबट होते.