दुसऱ्यांच्या हातून आलेला विश्वास

मननासाठी शास्त्रभाग: योहान २०:२४-२९, रोम १:११-१४



चेन्नईच्या मयिलापूर भागात, समुद्रापासून जवळच, सांथोम बॅसिलिका आहे. आजची इमारत १८९६ ची. पण प्रेषित थोमाला या जागी पुरले होते ही परंपरा फार जुनी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला सेंट थॉमस माउंट ही टेकडी आहे. तिथे तो रक्तसाक्षी झाला असे मानतात. शिक्षणासाठी मी या शहरात आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन्ही ठिकाणे पाहिली. थोमा म्हटले की आपल्याला आठवतो तो त्याचा संशय. पण योहानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचताना माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले.

१. थोमासाठी जागा राखणारे

पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा इतर शिष्यांबरोबर नव्हता. त्यांनी त्याला सांगितले, पण त्याला पटले नाही. त्याने सरळ अट घातली: जखमा पाहीन, हात लावीन, मगच विश्वास ठेवीन. त्यानंतर आठ दिवस गेले. त्या दिवसांत काय बोलणे झाले हे शास्त्र सांगत नाही. एवढेच सांगते की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले, आणि या वेळी थोमा त्यांच्यात होता.

विचार करा. दहा जणांनी प्रभूला पाहिले होते, एकाने नाही. ते त्याला म्हणू शकले असते, "तुझा विश्वास बसला की ये." थोमाही रागावून निघून जाऊ शकला असता. पण त्यांनी त्याला दूर केले नाही आणि तोही गेला नाही. प्रभू त्याला एकट्याला रस्त्यात भेटू शकला असता. तो भेटला इतरांच्या मध्ये. थोमाला विश्वास प्रभूनेच दिला. मित्रांनी फक्त त्याची जागा रिकामी ठेवली होती. पण ती जागा नसती तर?

२. पंडिता रमाबाईंना काय काय मिळाले, आणि कोणाकडून

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. दक्षिणेशी त्यांचा संबंध दुःखाचा आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी फिरत राहिले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा.

अशा बाईला विश्वास कोणी एकाने, एका दिवसात दिला नाही. आसामातल्या सिल्चरला पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तिथेच एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचे पुस्तक समजावले. बुद्धीच्या शंका होत्या, त्या पुष्कळशा सुटल्या त्या फादर नेहेम्या गोरे यांच्यामुळे. काशीत वाढलेले हे मराठी शास्त्री स्वतः अशाच शंकांमधून गेले होते, म्हणून त्यांचे म्हणणे रमाबाईंच्या मनाला भिडले. इंग्लंडमध्ये, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. तुम्ही हे का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट इथे संपत नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त स्वतः अजून सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केले. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचताना त्यांना ही उणीव जाणवली. म्हणजे एक मिशनरी, एक शास्त्री, एक भगिनी, एक पुस्तक. प्रत्येकाने थोडे थोडे दिले. सगळे कोणीच दिले नाही. आणि त्या भगिनीला कुठे माहीत होते, की आपण वाचलेल्या त्या एका अध्यायाचा पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या शेकडो अनाथ आणि विधवा मुलींशी संबंध जुळणार आहे!

३. माणसे वाट दाखवतात, वाट होत नाहीत

इथे एक सावधगिरी हवी. ज्या वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना इतके दिले, त्यांच्याशीच त्यांचा पुढे पत्रांतून वाद झाला. चर्चचा अधिकार आणि शिकवण यांविषयी सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी ऐकावे. रमाबाई म्हणत, देवाने दिलेली विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही. तरीही त्यांनी उपकार नाकारले नाहीत.

कोणी आपल्याला प्रभूकडे आणले म्हणून ती व्यक्ती प्रभूच्या जागी बसत नाही. ज्याच्याकडे आदर्श म्हणून पाहिले तो माणूस एखाद्या दिवशी चुकतो, आणि त्याच्याबरोबर आपलाही विश्वास कोसळतो, असे पुष्कळांचे होते. माणसांचे ऋण माना, पण पाया ख्रिस्तच असू द्या.

४. येणे आणि देणे

गेल्या वर्षी परीक्षेचे निमित्त करून मी काही आठवडे प्रार्थनासभेला गेले नाही. खरे कारण परीक्षा नव्हती. प्रार्थना कोरडी झाली होती, आणि हे लेख भाषांतर करणारी मी स्वतः काही विश्वास ठेवते का, हेच मला कळेना. सभेतल्या एका वयस्कर अक्कांनी फोन केला. त्यांना मराठी येत नाही, माझी तमिळ मोडकी. त्यांनी काही विचारले नाही, समजावले नाही. फोनवरच तमिळमध्ये प्रार्थना केली. मला अर्धीच कळली. माझे नाव मात्र तीनदा ऐकू आले. पुढच्या रविवारी मी गेले. कोरडेपणा लगेच संपला नाही, पण माझी जागा रिकामी होती आणि कोणीतरी ती राखली होती.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातला हिशेब मला आवडतो. पौल तिथे म्हणतो की मी तुम्हाला काही द्यायला येऊ इच्छितो; आणि लगेच स्वतःला सावरून सांगतो की तुमच्या विश्वासाने मलाही धीर मिळावा. दोनच वचनांनंतर तो स्वतःला ऋणी म्हणवतो. ऋण आहे ख्रिस्ताचे, पण ते फेडायचे आहे ग्रीकांना आणि बर्बरांना, शहाण्यांना आणि अडाण्यांना. जे मिळाले ते ज्याच्याकडून आले त्यालाच परत करता येते असे नाही. बहुतेक वेळा ते पुढच्या माणसाला द्यायचे असते.

या आठवड्यात करण्यासाठी

• तुमच्या विश्वासात भर घालणाऱ्या पाच जणांची नावे लिहा. प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा, नेमके काय दिले.

• त्यांपैकी जे हयात आहेत त्यांतल्या एकाला फोन करून हे सांगा. बहुधा त्यांना ते ठाऊकच नसेल.

• तुमच्या संगतीत सध्या कोण येत नाही? कारण विचारू नका. त्याच्यासाठी, शक्य झाले तर त्याच्याबरोबर, नाव घेऊन प्रार्थना करा.

• इब्री १०:२४-२५ वाचा. एकत्र येणे न सोडण्याविषयीचे हे वचन तुम्ही आजवर कोणाला सुनावायला वापरले, की कोणाला उभारी द्यायला?

प्रार्थना: प्रभू येशू, ज्यांच्या हातून तू आमच्यापर्यंत आलास त्या सर्वांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांची नावे आम्ही विसरलो ती तू विसरला नाहीस. आमच्यातल्या थोमाला घाई न करता वाट पाहायला आम्हाला शिकव. आणि आम्हीच थोमा झालो, तर आम्हाला घरातच राहू दे. आमेन.