जुन्या जीपचे झाकण

डहाणूहून कासामार्गे जव्हारच्या घाटात जुनी जीप न्यायची आहे? मग आधी रेडिएटरचे झाकण तपासा. चढावर इंजिनाला श्रम जास्त, पण वेग कमी. त्यामुळे रेडिएटरला वारा कमी लागतो व पाणी तापते.

समुद्रसपाटीला उघडे पाणी 100° सेल्सियसला उकळते. झाकणाची स्प्रिंग पाणी कोंडून धरते. दाब दीडपट झाला, की उत्कलनबिंदू सुमारे 111° होतो. कुकरचेही तत्त्व हेच! झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर दाब टिकत नाही.

मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाब उतरताच पाणी उसळून उकळते व चेहरा, हात भाजतात. तपासणी थंड इंजिनावरच करावी.

विचार करा : उघड्या भांड्यातले पाणी डहाणूपेक्षा जव्हारला किंचित कमी तापमानाला का उकळते?