सुनेचे ताट वेगळे का ठेवायचे?

काही वर्षांपूर्वी एक सासू-सून माझ्या दवाखान्यात आल्या. सुनेला चौथा महिना होता. गरोदरपणात सर्वांच्याच रक्ताची तपासणी होते, तशी तिचीही सरकारी रुग्णालयात झाली आणि एचआयव्हीची लागण निघाली. सून मान खाली घालून बसली होती. सासूबाईंनी दोनच प्रश्न विचारले. "डॉक्टर, हिचं ताट-वाटी वेगळं ठेवू का? आणि हे आमच्या घरात आणलं कुणी, हिनंच ना?"

नाव-गाव सांगत नाही. परंतु हे दोन प्रश्न आजही घरोघरी विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे वाचकांनाही द्यावीत असे वाटते.

पहिला प्रश्न ताटाचा. एचआयव्ही हा विषाणू रक्तात, वीर्यात, योनीस्रावात आणि आईच्या दुधात असतो. तो पसरण्याचे मार्ग मोजकेच आहेत : निरोध न वापरता लागण झालेल्या व्यक्तीशी शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका नळाचे पाणी प्याल्याने, हात धरल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, शौचालय वापरल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. तेव्हा ताट वेगळे ठेवून रोग टळत नाही, फक्त माणूस तुटतो.

दुसरा प्रश्न दोषाचा. मी सासूबाईंना म्हटले, "आई, ती गरोदर आहे म्हणून तिचे रक्त आधी तपासले गेले. ज्याची तपासणी आधी झाली, त्यानेच रोग आणला असे कसे म्हणता येईल?" लागण झाल्यावर आठ-दहा वर्षे काहीही लक्षण दिसत नाही असे पुष्कळदा घडते. माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो. त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही. पुढे तिच्या पतीचीही तपासणी झाली. त्यालाही लागण होती. कुणाकडून कुणाला, हे रक्ताचा अहवाल सांगत नाही, आणि उपचारासाठी ते कळण्याची गरजही नसते.

आता उपचाराचे. हा विषाणू रक्तातील सीडी-४ या पांढऱ्या पेशी नष्ट करतो. या पेशी घटल्या की प्रतिकारशक्ती ढासळते आणि क्षयरोगासारखे आजार बळावतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्हीची लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो असे नाही. विषाणू शरीरातून समूळ घालवणारे औषध सर्वसामान्य रुग्णांसाठी अजून नाही. परंतु त्याला दाबून ठेवणारी औषधे आहेत. भारतात ती २००४ सालापासून सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून निदान होताच ती सुरू करण्याचे धोरण आहे. बहुतेकांना रोज एक गोळी पुरते. ती आयुष्यभर, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही.

बाळाचे काय? उपचार न घेतल्यास शंभरातील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. वेळीच औषध सुरू केल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली येते. आमच्या सुनेने गोळी चुकवली नाही. बाळंतपण रुग्णालयात झाले, बाळाला जन्मताच औषध दिले गेले. दीड वर्षांनी बाळाची शेवटची तपासणी झाली. लागण नव्हती! तो अहवाल घेऊन सासूबाई स्वतः मला दाखवायला आल्या होत्या.

वाचकांनी इतके करावे. शंका असल्यास जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जावे. तपासणी मोफत होते आणि अहवाल गुप्त ठेवला जातो. लागण नुकतीच झाली असल्यास ती तपासणीत लगेच दिसत नाही, म्हणून सांगितलेल्या तारखेला पुन्हा जावे. वापरलेली सुई टोचणे, निरोध फाटणे असा धोका घडल्यास ७२ तासांच्या आत, शक्यतो लगेचच, डॉक्टरांकडे जावे. २८ दिवसांच्या औषधाने लागण टाळता येते. माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. लागण झालेल्यास नोकरीवरून काढणे किंवा उपचार नाकारणे यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

कायदा घराच्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र पोहोचत नाही. तिथे ताट कुठे मांडायचे, ते आपणच ठरवायचे असते.