शनवार तेली

पनवेल हे कोकणचे प्रवेशद्वार होय. मुंबईहून घाटावर चढणारी वाट आणि तळकोकणाकडे उतरणारी वाट येथेच एकमेकींपासून वेगळ्या होतात. पूर्वी येथील खाडीत गलबतांची ये-जा असे. व्यापारउदिमाच्या निमित्ताने नाना प्रांतांची व नाना धर्मांची माणसे या गावी आली आणि येथलीच होऊन राहिली. देवळे आणि मशिदी असलेल्या या गावात आणखी एक प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव 'बेथ एल'. हिब्रू भाषेत या शब्दांचा अर्थ 'देवाचे घर' असा होतो. हे मंदिर १८४९ साली बांधले गेले. तेथे मूर्ती नाही, तसबीर नाही. मंदिरातील एका कपाटात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या अत्यंत आदराने ठेवतात. प्रार्थना करणारे लोक पश्चिमेकडे तोंड करतात, कारण त्यांचे पवित्र नगर जेरुसलेम हे आपल्या देशाच्या पश्चिमेस आहे. प्रार्थना होते ती हिब्रू भाषेत. पण प्रार्थना आटोपली की सारे एकमेकांची विचारपूस करतात ती मात्र आपल्या मराठीत.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरे. ते धर्माने यहुदी आहेत. ते कोकणात कसे आले याची एक कथा त्यांच्या घराघरांतून पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज छळाला कंटाळून आपली मायभूमी सोडून निघाले. चौल हे त्या काळचे नामांकित बंदर. त्या बंदराच्या उत्तरेस, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचे गलबत खडकावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्याला लागली. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावच्या भूमीत पुरली. ही घटना नेमकी केव्हा घडली याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. परंतु नवगावची ती दफनभूमी आजही दाखवतात आणि बेने इस्राएल तिला आपल्या पूर्वजांचे स्मारक मानतात.

या चौदा जणांपाशी काय उरले होते? कथा सांगते, की त्यांचे धर्मग्रंथ समुद्राने गिळले. आपल्या धर्माचे ज्ञान असलेला गुरू जवळ नव्हता. भोवतालची भाषा निराळी, देव निराळे, चालीरीती निराळ्या. अशा स्थितीत दोनचार पिढ्यांत ते लोक आपले मूळ साफ विसरून गेले असते, तरी त्यात नवल वाटले नसते. पण तसे झाले नाही. जे ग्रंथांत होते ते गेले. जे रोजच्या वागण्यात होते ते टिकले.

कोकणातील गावोगाव पसरलेल्या या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा पत्करला. नारळ आणि तीळ घाण्याला लावून ते उपजीविका करू लागले. परंतु आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, त्यांचा घाणा बंद असे. शनिवार हा यहुदी धर्मात विश्रांतीचा पवित्र दिवस आहे. त्या दिवशी घाणा फिरत नसे, चूल पेटत नसे आणि घाण्याच्या बैलालाही विसावा मिळे. हातावर पोट असणाऱ्या माणसाने आठवड्यातील एका दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. गावकऱ्यांनी मात्र याचा बाऊ केला नाही. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली, अशी सरळ विभागणी त्यांनी करून टाकली. जातीजातींत वाटल्या गेलेल्या त्या काळच्या समाजात तेल्यांचे जे स्थान होते, तेच या लोकांच्याही वाट्यास आले. पण त्यांच्या देवाच्या वाटेत कोणी आडवे आले नाही.

शनिवारच्या विश्रांतीप्रमाणेच आणखीही काही गोष्टी त्यांनी जतन केल्या. मुलगा जन्मला की आठव्या दिवशी करावयाचा संस्कार त्यांनी सोडला नाही. ज्या मासळीला खवले आणि पर नाहीत ती त्यांच्या घरात शिजत नसे. आणि 'शेमा' या नावाने ओळखली जाणारी एक लहानशी हिब्रू प्रार्थना त्यांना मुखोद्गत होती. देव एकच आहे, हे तिचे सार. जन्म असो, लग्न असो वा मृत्यू असो, प्रत्येक प्रसंगी ते तिचाच उच्चार करीत. असे सांगतात, की पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली व ती रांधण्यास सांगितले. त्यांनी खवल्यांची मासळी तेवढी निवडली आणि उरलेली बाजूस सारली. राहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील माणसांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, अशी परंपरा आहे.

पण केवळ जुने जपून हे लोक थांबले नाहीत. ज्या भूमीने आसरा दिला, तिच्याकडून त्यांनी पुष्कळ काही घेतले. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. ज्या गावी ते राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून लावले. किहीमचे ते किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. अशी कितीतरी आडनावे त्यांच्यात आढळतात. सामुएलचा सामाजी झाला, अब्राहामचा अबाजी झाला. विवाहापूर्वी वधूच्या हातांवर मेंदी रेखली जाऊ लागली आणि विवाहित स्त्रीच्या गळ्यात मंगळसूत्र आले. सणांना मराठमोळी नावे मिळाली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. ज्या दिवशी दारे लावून, उपवास धरून, केल्या पापांची क्षमा मागावयाची, तो 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेम येथील प्राचीन मंदिराच्या नाशाचा शोक करावयाचा दिवस संपला, की वालाचे बिरडे खावयाचे. म्हणून तो 'बिरड्याचा सण'. कोठे जेरुसलेम आणि कोठे कोकणातील वालाची शेते! परंतु या एका नावात दोन्ही सुखाने एकत्र नांदतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातही हाच मेळ दिसतो. मांस आणि दूध एकत्र करू नये, असा यहुद्यांचा धर्मनियम आहे. कोकणात नारळाला काय तोटा! या गृहिणींनी गाईम्हशींच्या दुधाऐवजी नारळाचे दूध वापरले. त्यामुळे नियमही राहिला आणि चवही राहिली. शुभकार्य असले, नवस फेडावयाचा असला, की 'मलिदा' करतात. भिजवलेल्या पोह्यांत गोडी घालून, ओल्या नारळाचा चव मिसळून आणि भोवती फळे मांडून संदेष्टा एलियाहू याचे स्मरण करतात. एलियाहूचा रथ अलिबाग तालुक्यातील एका खडकावर उतरला होता आणि त्याच्या खुणा तेथे उमटल्या आहेत, अशी या लोकांची श्रद्धा आहे. बायबलातील संदेष्टा अशा रीतीने कोकणचाही झाला.

अठराव्या शतकात यांपैकी अनेक कुटुंबे मुंबईस आली. कोणी सैन्यात गेले, कोणी कारागिरी पत्करली. सामुएल इझिकेल दिवेकर या सैनिकी अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. त्या शाळांतून बेने इस्राएल मुले हिब्रू व इंग्रजी शिकली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. शिकून ही मुले आपला धर्म स्वीकारतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. पण मुलांनी विद्या तेवढी घेतली आणि तिच्या बळावर आपलेच हरवलेले ग्रंथ पुन्हा वाचले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सामुएल किहीमकर यांनी १८७५ साली आपल्या समाजातील मुलांसाठी मुंबईत शाळा सुरू केली आणि आपल्या लोकांचा इतिहास लिहून ठेवला. याच शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले आणि अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनात रंगू लागली. डॉ. एलिया मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, तर डॉ. जेरुशा झिराड यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य वेचले.

१९४८ साली इस्राएल हे यहुद्यांचे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले. ज्या दिशेस तोंड करून पिढ्यानपिढ्या प्रार्थना केली, ती भूमी आता मोकळी झाली होती. हजारो बेने इस्राएल कुटुंबे कोकण व मुंबई सोडून तिकडे गेली. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावी त्यांनी संसार थाटले. आपण आपल्या घरी परत आलो, या भावनेने ते गेले. पण तेथे एक विलक्षण अनुभव त्यांची वाट पाहत होता.

त्या देशात जगाच्या कानाकोपऱ्यांतून यहुदी आले होते. सर्वांनी मागील देशाची भाषा व चालीरीती टाकून लवकर एकजीव व्हावे, असा तेथील पुढाऱ्यांचा आग्रह होता. शाळेत हिब्रू, कामावर हिब्रू. आईबापांची मराठी मुलांना परकी वाटू लागली. त्यातच धर्मपीठाने एक शंका काढली. शेकडो वर्षे धर्मपंडितांपासून दूर राहिलेल्या या लोकांचे विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील काय? त्या देशात यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या संमतीने होतात. १९६२ साली असा आदेश निघाला, की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह इतर यहुद्याशी व्हावयाचा असल्यास तिच्या मागील पिढ्यांची चौकशी केली जावी. ज्यांच्या पूर्वजांनी एकाही शनिवारी घाणा फिरू दिला नाही, त्यांनाच आता यहुदीपणाचा पुरावा मागितला जात होता!

बेने इस्राएल खचले नाहीत. त्यांनी सभा भरवल्या, निषेध केला आणि १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेम येथे ठाण मांडून सत्याग्रह केला. त्यांत लहान मुलांना घेऊन आलेल्या माताही होत्या. अखेर त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात तेथील संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठानेही आपल्या आदेशात बदल केला.

कोकणात ज्यांनी यहुदीपण जपले, तेच लोक इस्राएलमध्ये आता मराठीपण जपू लागले. तेथे नवस फेडताना मलिदा होतो, वधूच्या हातांवर मेंदी रंगते. १९८० च्या दशकात तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही सुरू झाले. आता नातवंडे हिब्रूत बोलतात हे खरे. तरी आजीच्या तोंडची मराठी त्यांच्या कानांवरून जाते आणि 'कर'ने संपणारी आडनावे अनेकांनी तशीच राखली आहेत.

इकडे भारतात आता काही हजारच यहुदी उरले आहेत. २००५ च्या जुलैतील महापुरात पनवेलच्या बेथ एल मंदिरात पाणी शिरले. परंतु पुराने या मंदिराची परंपरा संपली नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. माणसे मोजकी असली, तरी शनिवार अद्याप शनिवार आहे.

आजचे पनवेल पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे झाले आहे. देशाच्या अनेक प्रांतांतून कुटुंबे येथे येऊन वसत आहेत. त्यांची मुले शाळेत मराठी बोलतात व घरी आपापली भाषा बोलतात. नव्या गावचे होण्यासाठी जुने घर विसरावे लागते काय? शनवार तेल्यांनी आपल्या वागण्याने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. सहा दिवस त्यांचा घाणा गावासाठी फिरला आणि सातव्या दिवशी तो देवासाठी थांबला. गावाने त्यांचे तेल घेतले आणि त्यांच्या शनिवारचाही मान राखला.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) 'बेथ एल' या शब्दांचा अर्थ काय?
(आ) कथेनुसार बेने इस्राएलांचे गलबत कोठे फुटले?
(इ) बेने इस्राएलांना 'शनवार तेली' असे का म्हणत?

२. 'जे ग्रंथांत होते ते गेले. जे रोजच्या वागण्यात होते ते टिकले,' या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. इस्राएलमध्ये गेल्यावर या लोकांवर कोणते संकट आले व त्यांनी ते कसे निवारले?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाणी सोडणे, बाऊ करणे, हातावर पोट असणे, ठाण मांडणे.

५. तुमच्या वर्गात किंवा शेजारी दुसऱ्या प्रांतातून आलेले एखादे कुटुंब असल्यास त्यांच्या एका सणाची माहिती विचारा आणि ती आठदहा ओळींत लिहा.